स्टॅग, साडू आणि माळा

इंग्लंडात जुन्या मोटारींच्या कुठल्याही जत्रेत जा आणि आपल्याकडे ‘ट्रायम्फ स्टॅग’ आहे असं नुसतं म्हणून बघा. समोरचा माणूस गाडी कुठल्या सालची, रंग कोणता, किती मैल झाली, यातलं काही विचारत नाही. चहाचा कागदी पेला हातात तसाच धरून, आवाज जरा खाली आणून तो विचारतो, “तापते का?” त्या विचारण्यात चौकशीपेक्षा सांत्वनच जास्त असतं.

आमच्या साडूंकडे स्टॅग आहे. ती तापत नाही. म्हणजे आता तापत नाही. या ‘आता’साठी त्यांनी काय काय केलं, आणि त्यापायी कॉव्हेंट्रीच्या त्यांच्या घराचा माळा कसा भरला, याचा मी जवळचा साक्षीदार आहे. मी लेस्टरला राहतो, ते कॉव्हेंट्रीला. मध्ये जेमतेम पंचवीस मैल. बोल्ट धरायला माणूस हवा असला की साडूंना नात्याची आठवण होते.

गाडी मुळात देखणी, यात वाद नाही. ट्यूरिनचा जोव्हानी मिकेलोत्ती हा ट्रायम्फचा ठरलेला डिझायनर. साठच्या दशकाच्या मध्यावर त्याने ट्रायम्फचे अभियांत्रिकी संचालक हॅरी वेब्स्टर यांच्याकडून एक ‘२०००’ सलून मागून घेतली, प्रदर्शनात ठेवायला काहीतरी नवं करतो म्हणून. वेब्स्टरनी अट घातली: आवडली तर आमची. आवडली. प्रदर्शन राहिलं बाजूला, आणि १९७० साली ती स्टॅग म्हणून बाजारात आली. चौघांना बसता येईल अशी, टप उघडणारी, डोक्यावर टी आकाराची दांडी आणि बॉनेटखाली तीन लिटरचं व्ही-८ इंजिन. पुढच्याच वर्षी ‘डायमंड्स आर फॉरेव्हर’मध्ये जेम्स बॉण्डने ती चालवली. त्याच्या हातात ती तापली नाही. अर्थात दिग्दर्शकाने त्याला फार वेळ चालवूही दिली नाही.

तापण्याचं कारण साडू जेवणाच्या टेबलावर समजावून सांगतात. व्ही-८ म्हणजे चार-चार सिलिंडरच्या दोन रांगा, एकमेकींपासून दूर कललेल्या. साडू आमटीच्या दोन वाट्या कलत्या धरतात (आमटीसकट) आणि मला मधल्या बेचक्यात, अगदी वर, मिठाची बरणी धरायला लावतात. “हा पंप.” बहुतेक गाड्यांत पाण्याचा पंप इंजिनाच्या तोंडाशी, पाण्याच्या पातळीच्या बराच खाली असतो. स्टॅगमध्ये तो दोन रांगांच्या मधोमध, उंचावर. पाणी जरासं कमी झालं की सगळ्यांत आधी कोरडा पडतो तो पंपच. आणि पंप कोरडा पडला की उरलेलं पाणी जिथल्या तिथे उकळत बसतं, रेडिएटरपर्यंत जातच नाही.

“आणि काटा?” मी विचारतो. हा प्रश्न मी दर वेळी विचारतो, कारण उत्तर देताना साडूंचा चेहरा बघण्यासारखा होतो. तापमानाच्या काट्याला खबर देणारा सेन्सर पाण्यात बुडालेला असेपर्यंतच भरवशाचा. पाणी उतरलं आणि तो उघडा पडला, की काटा हळूहळू खाली येऊ लागतो. चालवणाऱ्याला वाटतं, चला, उतरला ताप. तो सुटकेचा निःश्वास टाकतो आणि ॲक्सिलरेटर आणखी दाबतो.

पुढचं ओघाने आलंच. ब्लॉक बिडाचा, वरची हेडं ॲल्युमिनियमची. दोघं सारख्या प्रमाणात फुगत नाहीत. हेड वाकतं, गॅस्केट जातं. हेड काढायला जावं तर काही बोल्ट एका कोनात आणि काही स्टड दुसऱ्या कोनात बसवलेले, आणि मधल्या काळात त्यांनी गंजून ॲल्युमिनियमशी कायमचा घरोबा केलेला. शिवाय ओतकामातली वाळू ब्लॉकच्या पोटात राहून गेल्याची जुनी ख्याती आहे, ती वेगळीच. सात वर्षांत सुमारे २६ हजार स्टॅग बनल्या आणि १९७७ साली प्रकरण मिटलं.

साडूंचा मात्र गाडीपेक्षा तिच्या जुन्या मालकांवर राग आहे. अँटिफ्रीझ हे पाणी गोठू नये म्हणून असतं, एवढंच या लोकांना ठाऊक. त्यात गंज थोपवणारी रसायनं असतात आणि ती दोन-तीन वर्षांत दम सोडतात, हे कुणाच्या गावी नाही. थंडी सरली की हे नळाचं पाणी भरून मोकळे. “ॲल्युमिनियमला बारा महिने जपावं लागतं हो,” साडू म्हणतात. ताई, म्हणजे साडूंची बायको, स्वयंपाकघरातून विचारते, “आणि माणसांना?” या प्रश्नाला त्या घरात वीस वर्षं उत्तर मिळालेलं नाही.

साडूंना ही बाधा लहानपणीच झाली असणार. त्यांच्या वडिलांकडे पुण्यात स्टँडर्ड हेरल्ड होती. १९६१ पासून मद्रासला बनत असे ती. आरेखन याच मिकेलोत्तीचं. मुंबईला जाऊन परत यायचं म्हणजे खंडाळ्याचा घाट चढायचा, आणि घाट चढायचा म्हणजे वाटेत गाडी कडेला घेऊन तिची समजूत काढायची. तेव्हा घाटात एका वळणावर फियाट, पुढच्या वळणावर ॲम्बॅसडर, अशा सगळ्या बॉनेटं उघडून वाफा सोडत उभ्या असत. हेरल्डचं तर मडगार्डासकट अख्खं तोंडच पुढे उलटायचं, त्यामुळे तिची अब्रू सगळ्यांत जास्त जायची. साडूंकडे काम असे पाण्याचा डबा धरून उभं राहण्याचं, आणि वडील ओरडेपर्यंत रेडिएटरच्या टोपीला हात न लावण्याचं. घाटातला तो मुलगा पुढे इंजिनियर होऊन कॉव्हेंट्रीला आला, आयुष्यभर दुसऱ्यांच्या यंत्रांची देखभाल केली, आणि निवृत्त झाल्यावर पहिल्या संधीला स्वतःच्या पैशाने एक तापणारी गाडी विकत घेतली. कॅनलीचा ट्रायम्फचा कारखाना त्यांच्या घरापासून जवळच होता. तिथलं मोटारींचं काम १९८० साली बंद झालं. आता तिथे कचेऱ्या आहेत आणि एका रस्त्याला हेरल्ड ॲव्हेन्यू असं नाव आहे. साडू भाजी आणायला त्या रस्त्याने जातात. तो रस्ता भाजीच्या वाटेवर नाही.

आता, तापणाऱ्या स्टॅगवर इंग्लंडात एक रामबाण उपाय फार पूर्वीपासून प्रचलित आहे: इंजिनच काढून टाकणं. ट्रायम्फ ज्या लेलँड कंपनीची, तिच्याच छत्राखाली रोव्हरचं साडेतीन लिटरचं, अख्खं ॲल्युमिनियमचं, चांगलं नांदणारं व्ही-८ इंजिन तयार होतं. ट्रायम्फने ते न वापरता स्वतःचं बनवलं. एका घरातल्या दोन सुनांनी वेगवेगळ्या चुली मांडल्या. पुढे कित्येक मालकांनी कारखान्याने जे केलं नाही ते गॅरेजात केलं. रोव्हर बसवलं, कुणी फोर्डचं व्ही-६ बसवलं. अशा गाड्या उत्तम चालतात. साडू अशा गाडीला जत्रेत ओळखसुद्धा दाखवत नाहीत.

त्यांचा पंथ वेगळा. जे करायचं ते असं करायचं, की उद्या मनात आलं तर एका दुपारी सगळं काढून गाडी कारखान्यातून निघाली तशी करता आली पाहिजे. नवं भोक पाडायचं नाही. वेल्डिंग नाही. मूळ वायर कापायची नाही. हा त्यांचा एकट्याचा हट्ट नाही, त्याला शास्त्राधार आहे. जुन्या वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने, म्हणजे फिवाने, २०१२ साली एक सनद केली. तीत म्हटलंय, की नंतरचे बदल परत काढता येण्याजोगे असावेत आणि काढलेले मूळ भाग गाडीबरोबर जपून ठेवावेत. सनद झाली ट्यूरिनला. मिकेलोत्तीच्या गावात! साडूंना यात दैवी संकेत दिसतो. सरकारी संकेतही आहे: २०१८ पासून चाळीस वर्षांवरच्या गाडीला वार्षिक एमओटी तपासणीची सक्ती नाही, पण मागच्या तीस वर्षांत गाडीत मोठा फेरफार झालेला नसेल तरच. वेगळ्या जातीचं इंजिन हा मोठा फेरफार. रेडिएटर नव्हे. साडूंचा सगळा संसार या दोन वाक्यांच्या मधल्या फटीत चालतो.

काम सुरू झालं ते अर्थात धुण्यापासून. माझ्या मते गाडी थंड राहण्याचं मोठं श्रेय या धुण्यालाच आहे, पुढचं बरंचसं हौसेचं. पण हे मी साडूंसमोर बोलत नाही. ब्लॉकच्या बाजूचे प्लग काढले. जुनं कूलंट बागेत सोडायचं नाही, कारण ते विषारी असतं, शेजारच्या मांजराने चाटलं तर मरेल. म्हणून ताईच्या पाहुण्यांच्या वेळच्या बादल्या खाली लावल्या. मग बागेची नळी उलट्या दिशेने जोडून पाणी सोडलं. आधी तपकिरी पाणी आलं, मग विटकरी चिखल, मग बराच वेळ काही नाही, आणि मग एकदम ‘भक्’ करून एक काळा गोळा येऊन बादलीत पडला. साडू गुडघ्यावर बसले. गोळा दोन बोटांत धरून त्यांनी चुरगळला, चष्मा कपाळावर नेऊन उजेडात बघितला, बोटं एकमेकांवर घासून त्याची भरड तपासली.

“वाळू,” ते म्हणाले. “सत्तरच्या दशकातली.”

तो गोळा त्यांनी काचेच्या बरणीत भरून ठेवला. मूळ भाग म्हणून.

नंतर नवा रेडिएटर. जुना तांब्या-पितळेचा. तांबं उष्णता ॲल्युमिनियमपेक्षा चांगली वाहतं, मग ॲल्युमिनियमचा कशाला? तर जुन्यात नळ्या अरुंद आणि डाग देऊन जोडलेल्या. नव्यात रुंद, जाळी दाट, आणि वजन कमी. नवा बरोबर जुन्याच्याच चार बोल्टांवर बसला. फक्त तो चांदीसारखा चकाकत होता, आणि बॉनेट उघडताच जत्रेतल्या म्हाताऱ्यांच्या डोळ्यांत भरला असता. साडूंनी त्याला काळा रंग दिला. रंगाचा थर अगदी पातळ, नाहीतर उष्णता अडते. “रंग काढता येतो?” मी विचारलं. “सगळं काढता येतं,” साडू म्हणाले. त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, तिच्यावरून वाटलं, साडूही काढता येत असावेत.

मग विजेचा पंखा. साठच्या वेगाने हायवेवर धावताना पंख्याची गरज नसते, वारा आपोआप मिळतो. प्रश्न येतो तो सिग्नलला आणि ट्रॅफिकमध्ये, जेव्हा मूळ पंखा इंजिनाच्याच चालीने, म्हणजे अगदी रेंगाळत फिरतो. बाजारात असले पंखे रेडिएटरच्या जाळीतूनच प्लॅस्टिकच्या पट्ट्या ओवून बांधतात. ते पाहून साडूंना मळमळलं. त्यांनी पट्टीच्या लोखंडाचे कंस स्वतः कापून, वाकवून, कानशीने घासून असे केले, की रेडिएटरच्या मूळ बोल्टांखालीच ते अडकले. पंख्याला करंट भरपूर लागतो, थेट बटणाला जोडला तर बटण वितळेल, म्हणून रिले. तो टांगायला जागा शोधताना अर्धा दिवस गेला. शेवटी हॉर्नच्या स्क्रूखाली एक जागा सापडली आणि साडूंनी मला मिठी मारली. लग्नातही मारली नव्हती.

पण तत्त्वाची खरी कसोटी लागली ती वरच्या रबरी पाइपशी. पंखा आपोआप चालू-बंद करणारा सेन्सर पाइपच्या मध्ये बसतो आणि त्यासाठी पाइप कापावा लागतो. पाइप कापायचा? साडू दोन दिवस अस्वस्थ होते. मग त्यांनी कापण्यासाठी म्हणून एक नवा पाइप आणला, तो कापला, आणि जुना, न कापलेला, काढून जपून ठेवला. जुना पाइप चिरलेला होता, दाबला की त्याचा भुगा पडत होता. कुठल्याही गाडीला तो आता लागणार नव्हता. पण अखंड होता!

मोह एकदाच झाला, रेडिएटरच्या टोपीचा. टोपी जितका जास्त दाब धरते तितकं पाणी उशिरा उकळतं. दाब चौरस इंचाला एक पौंडाने वाढला की साधारण दीड अंशाची सवलत. चार पैशांची टोपी, फिरवायची आणि झालं, याहून सोपी सुधारणा कोणती? पण तो दाब पन्नास वर्षांच्या हीटरच्या जाळीवरही पडतो. “टोपी परत बदलता येते,” साडू बोट वर करून म्हणाले, “फुटलेला हीटर बदलता येत नाही. त्याला डॅशबोर्ड काढावा लागतो.” बिनपाण्याचं कूलंटही असंच बाद झालं. ते १८० अंशांपर्यंत उकळत नाही हे खरं, पण पाण्याइतकी उष्णता वाहूनही नेत नाही. आणि शिवाय आधी पाण्याचा थेंबन् थेंब बाहेर काढावा लागतो. किंमत ऐकल्यावर साडूंना पाण्याबद्दल एकदम आपुलकी वाटू लागली. त्याऐवजी त्यांनी पाणी कमी झालं की बोंब मारणारा एक छोटा बझर बसवला. हा मला सगळ्यांत शहाणा बदल वाटतो. काटा खोटं बोलतो हे माहीत असताना दुसरा साक्षीदार ठेवलेला बरा.

आता माळ्याकडे वळू. सनदेप्रमाणे प्रत्येक मूळ भाग जपायचा. रेडिएटर फुग्याफुग्यांच्या प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून. पंखा त्याच्या जोडणीसकट. पाइप, पट्ट्या, बोल्ट. प्रत्येकाला चिठ्ठी, साडूंच्या इंजिनियरी अक्षरात. एक मी स्वतः वाचलेली: ‘वरच्या कंसाचा वायसर, डावा. किंचित वाकलेला. सरळ करू नये.’ घडीच्या शिडीवरून हे सगळं मी वर चढवलं. वर आधीपासून ताईचा संसार होता: गणपतीचं मखर, चकलीच्या भाजणीचा मोठा डबा, मुलीची शाळेतली पुस्तकं, भारतातून आलेल्या आणि परत भारतात न गेलेल्या बॅगा. रेडिएटर आला तेव्हा मखर कोपऱ्यात सरकलं. पंखा आला तेव्हा ते आडवं झालं. त्या भाद्रपदात गणपती बसले तेव्हा मखराचा एक खांब तिरका होता आणि ताईने तो मुद्दाम तसाच ठेवला.

“अहो, पण हे परत कधी बसवणार?”

“लागेल कधीतरी.”

यावर ताईला बोलता येत नाही, कारण भारतातून आलेल्या प्रत्येक रिकाम्या तुपाच्या डब्याबद्दल तिचंही उत्तर हेच असतं.

जुलैत उकाडा झाला, इथल्या लोकांना सोसत नाही इतका, आणि साडूंनी ताईला आणि मला घेऊन गाडी बाहेर काढली. एम-४० वर पुढे कुठेतरी अपघात होऊन सगळं ठप्प झालं. पूर्वी अशा वेळी एकच उपाय असे: हीटर पूर्ण चालू करायचा. हीटर म्हणजेही एक छोटा रेडिएटरच, तो इंजिनाची उष्णता ओढून माणसांच्या पायांवर सोडतो. टप उघडा, डोक्यावर ऊन आणि पायाशी भट्टी, अशा अवस्थेत साडूंनी पूर्वी ताईला ऑक्सफर्ड दाखवलेलं आहे. या वेळी तसं काही झालं नाही. पंखा सुरू झाला, जरा वेळ घरघरला, बंद झाला, पुन्हा सुरू झाला. काटा मधोमध. शेजारच्या रांगेतल्या एका नव्या कोऱ्या गाडीचा मात्र धूर निघाला आणि तिच्या मालकाने आमच्याकडे अविश्वासाने पाहिलं. मी साडूंचं अभिनंदन करायला वळलो तर ते कोमेजून बसलेले. बघायला काटा हलेना, कान द्यावा तर उकळल्याचा आवाज नाही, आणि करण्यासारखं काहीच उरलेलं नाही. रांग सुटेपर्यंत ते त्या काट्याकडे आशेने बघत होते.

आठवड्याभरात त्यांनी हातमोज्यांच्या खणात एक डिजिटल थर्मामीटर लपवला. आता ८७.३ आणि ८७.९ मधल्या फरकावर त्यांना रात्री चिंता करता येते.

क्लबातल्या एका इंग्रज म्हाताऱ्याने मध्यंतरी काडी टाकली. म्हणाला, परत काढता येतं असं सगळेच म्हणतात, काढून कुणी दाखवलंय? साडू घरी आले ते ओठ मिटूनच. शनिवारी मला फोन. माळ्यावरून सगळं खाली उतरलं, नवं सगळं निघालं, जुनं सगळं बसलं, वाकलेल्या वायसरसकट. चिरलेला पाइपसुद्धा. रविवारी दुपारी गाडी १९७० च्या दशकातली झाली. साडूंनी सगळ्या बाजूंनी फोटो काढले, इंजिन सुरू करून फक्त मिनिटभर चालवलं (त्या पाइपवर त्यांचाही विश्वास नव्हता), आणि संध्याकाळी उलटं काम सुरू केलं. रात्री दहाला जुनं सगळं परत माळ्यावर, नवं सगळं परत गाडीत.

ताईने चहा आणला. गाडीभोवती एक फेरी मारली.

“ही शुक्रवारी होती तशीच आहे.”

“अगदी तशीच,” साडू समाधानाने म्हणाले.

“मग दोन दिवस केलंत काय?”

“सिद्ध केलं.”

परवा त्यांची मुलगी मँचेस्टरहून आली होती. ही गाडी पुढेमागे तिच्याकडे जाणार, माळ्यासकट. तिने चहा घेता घेता शांतपणे विषय काढला, की हल्ली इकडे जुन्या गाड्यांत विजेची मोटर आणि बॅटऱ्या बसवून देतात, मूळ बॉडीला धक्का न लावता, आणि हवं तर काढताही येतं. ताई श्वास रोखून साडूंकडे बघायला लागली. तीस वर्षांचा नियम आता बाहेर येणार म्हणून मीही कप खाली ठेवला.

“म्हणजे पाण्याची भानगडच संपली,” मी वातावरण हलकं करायला म्हणालो.

“नाही काका,” ती म्हणाली. “बॅटऱ्या तापतात ना. त्यांनाही रेडिएटर असतो, कूलंट असतं, पंप असतो.”

साडू प्रथमच पुढे सरकून बसले. आमटीच्या वाट्या अजून टेबलावरच होत्या, त्यातली एक त्यांनी जवळ ओढली.

“पंप कुठे बसवतात?” त्यांनी विचारलं. “वर की खाली?”